पचमढीची पानगळ

सौंसरहून छिंदवाड्याच्या वाटेला लागले म्हणजे रामाकोना मागे पडते आणि सिल्लेवानीचा घाट सुरू होतो. याच डोंगररांगेत कुकडीखापा नावाचा सुमारे ६० फुटांचा धबधबा आहे. नागपूर ते छिंदवाडा ही छोट्या मापाची रेलगाडी २०१५ साली बंद झाली. तोवर ती या डोंगरांतूनच धापा टाकीत जात असे. आमच्या पिढीने सातपुडा पहिल्यांदा पाहिला तो तिच्याच खिडकीतून. पावसाळ्यात तो हिरवागार दिसे, आणि शिमग्याच्या सुमारास गाडीत बसावे तो सारा डोंगर उघडाबोडका. लहानपणी मला वाटे, कोणीतरी रातोरात येऊन डोंगराचे पांघरूण ओढून नेले असावे.

काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात मी शाळेतील मुलांना घेऊन याच वाटेने पचमढीस गेलो. महाशिवरात्र नुकतीच आटोपली होती. परासिया, तामिया, देलाखारी, मटकुली असे टप्पे घेत आमची मोटार वर चढत होती. शाळेतील एका सहकाऱ्याने निघण्यापूर्वीच मला हटकले होते, "गुरुजी, धबधबे पाहावयाचे तर श्रावणात जावे. उन्हाळ्याच्या तोंडी तेथे काय पाहणार?" मी म्हणालो, "मुले धबधबे पाहतील, मी त्यांना पानगळ दाखवीन." ते हसले. पानगळ ही मुद्दाम जाऊन पाहण्याची गोष्ट आहे, असे आपल्याकडे कोणी मानीत नाही.

परदेशात मात्र तसे मानतात. जपानात ओसाका शहराजवळ मिनो नावाचे एक उद्यान आहे. तेथे ३३ मीटर उंचीचा धबधबा आहे. नोव्हेंबर महिन्यात त्याच्या वाटेवरील मेपलची झाडे तांबडीलाल होतात आणि ती पाहण्यासाठी माणसांची रीघ लागते. तेथील दुकानांतून मेपलची पाने पिठात बुडवून, तळून विकतात, आणि लोक ती हौसेने खातात. अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांतही शरद ऋतूत पाने पाहण्यासाठी लोक दूरदूरचा प्रवास करून जातात. गळत्या पानाचा असा उत्सव आपण का करीत नाही? आपल्या सातपुड्यात रंग नाहीत काय? आहेत, परंतु त्यांची रीत निराळी आहे, आणि त्यांच्या मागचा इतिहासही निराळा आहे. त्या इतिहासाविषयी आज मी बोलणार आहे.

प्रथम निसर्गाची रीत पाहू. थंड देशांत हिवाळ्यापूर्वी दिवस लहान होतात, थंडी वाढते, आणि पानातील हरितद्रव्य नाहीसे होऊ लागते. त्याखाली दडलेला पिवळा रंग तेव्हा उघडा पडतो, आणि काही झाडांत तांबडा रंग नव्याने तयार होतो. आपल्याकडे झाडाचा वैरी थंडी नव्हे, तहान. पावसाळा संपून चार महिने लोटले की जमिनीतील ओल आटते. पान हे झाडाच्या अंगातील पाणी हवेत उडविणारे साधन आहे. म्हणून ओल संपत आली की झाड पानेच टाकून देते. धावड्याची पाने गळण्यापूर्वी तांबूस होतात. साग, साज, तेंदू, लेंडिया, सालई ही झाडे कमीअधिक अंतराने रिकामी होतात. कुलूचे पांढरेफटक खोड तर चांदण्यात भुतासारखे उभे दिसते. आणि या उजाडपणातच पळस पेटतो.

पचमढीच्या पठारावर एक विशेष आहे. तेथील खडक वालुकाश्माचा. तो पावसाचे पाणी पिऊन ठेवतो आणि वर्षभर थोडेथोडे पाझरू देतो. त्यामुळे डोंगर सुकला तरी दऱ्या ओल्या राहतात. कड्यांच्या सावलीत नेचे हिरवे राहतात, आणि प्रपात रोडावले तरी अगदी मुके होत नाहीत. पठारावर सालवृक्षांचे वन आहे. भोवतालच्या उतारांवर सागाचे राज्य. साग फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडा पडतो, साल मात्र कधीच पुरता उघडा होत नाही. एकाच दृष्टिक्षेपात एक वन निष्पर्ण आणि दुसरे हिरवे, असे दृश्य तेथे पाहावयास मिळते.

अप्सरा विहाराकडे जाताना आमच्यातील एका मुलाने तांबडी पाने असलेली एक फांदी वाकवून मला दाखविली. "गुरुजी, हे पान पिकलं. आता गळेल." मी त्यास म्हटले, "हात लावून पाहा." पान मऊ, तुकतुकीत होते. ते झाड कुसुमाचे होते. पश्चिम महाराष्ट्रात यालाच कोशिंब म्हणतात. कुसुमाचे तांबडे पान हे म्हातारे पान नव्हे; ते नुकतेच जन्मलेले पान होय. मोहाची आणि पिंपळाची कोवळी पालवीही अशीच तांबूस असते. मिनोचा लाल रंग हा निरोपाचा रंग आहे, तर सातपुड्याचा लाल रंग हा बहुधा आगमनाचा. मुलगा विचारात पडला. थोड्या वेळाने त्याने पायाखालचा सागाचा पाचोळा उडवीत दुसरा प्रश्न केला, "मग ही गळलेली पाने कोणाची, गुरुजी? सरकारची की आपली?"

श्रोतेहो, मी इतिहास शिकवितो. पण इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल. सातपुड्याचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरला आहे.

ही पानगळ प्रथम पायाखाली तुडविली ती यात्रेकरूंनी. महाशिवरात्रीस महादेवाच्या यात्रेला जाणारे लोक विदर्भातून, तसेच आमच्या सौंसर-पांढुर्णा भागातून पिढ्यान्‌पिढ्या या जंगलातून चालत गेले. जुन्नारदेवच्या देवस्थानास आजही 'पहिली पायरी' म्हणतात, कारण महादेवाची चढण तेथून सुरू होते असा भाविकांचा समज आहे. पुढे भुराभगत, आणि अखेरीस खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाचा चढ. महाशिवरात्रीचा काळ हाच पानगळीचा काळ. म्हणजे पचमढीची पानगळ पाहण्यास माणसे जात नाहीत असे म्हणणे खरे नव्हे. हजारो माणसे ती पाहतच होती, फक्त तिला शोभा म्हणत नव्हती. पाने गळून गेल्यामुळे रान मोकळे होई, वाट दिसे, आणि जनावर लांबून नजरेस पडे, इतकेच त्यांना पुरे होते.

दुसरा डोळा कोरकूंचा. कोरकू हे या डोंगरांचे जुने रहिवासी. त्यांची भाषा मराठी-हिंदीशी तर नाहीच, शेजारच्या गोंडांच्या भाषेशीही नात्याने जोडलेली नाही. तिचे आप्त पूर्वेकडील मुंडारी आणि संथाळी या भाषा होत. डोंगरउतारावर नांगर चालत नाही. म्हणून कोरकू आणि गोंड दह्याची शेती करीत. झाडेझुडपे तोडून, ती उन्हात वाळवून, पावसापूर्वी पेटवून द्यावयाची, आणि त्या राखेत कोदो-कुटकीचे बी टाकावयाचे. दोन-तीन वर्षांनी जमीन थकली म्हणजे दुसरीकडे जावयाचे, आणि पहिल्या जागी रान पुन्हा वाढू द्यावयाचे. या माणसांच्या लेखी गळलेले पान म्हणजे उद्याची राख, आणि राख म्हणजे परवाची भाकर.

आता १८५८ साल घ्या. उत्तरेत उठावाचा मोड झाला होता. तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेस उतरले, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ते मुलताईस पोहोचले. मुलताई म्हणजे आपल्या पांढुर्ण्याच्या शेजारचेच गाव, ताप्तीचे उगमस्थान. सातपुड्यातील हर्राकोटचे जहागीरदार राजा भभूतसिंह यांनी या उठावात इंग्रजांविरुद्ध शस्त्र धरले. तात्या टोपे १८५९ मध्ये पकडले जाऊन फासावर गेले, तरी भभूतसिंह डोंगराच्या आश्रयाने झुंजत राहिले. अखेर ते पकडले गेले आणि १८६० मध्ये जबलपूर येथे त्यांना देहदंड झाला. त्यांची जमीन सरकारजमा झाली.

पचमढीच्या बहुतेक माहितीपुस्तकांत एक वाक्य हमखास असते: १८५७ साली कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने पचमढीचा शोध लावला. हे वाक्य मीही अनेक वर्षे मुलांना सांगत आलो. परंतु फोर्सिथचा 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हा ग्रंथ उघडून पाहावा. तो १८७१ साली, त्याच्या निधनाच्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्यातील पचमढीची हकिगत १८६२ च्या जानेवारीपासून सुरू होते. मध्य प्रांत नावाचा नवा प्रांत १८६१ च्या अखेरीस बनला होता, आणि जंगलांची पाहणी करण्याच्या कामावर फोर्सिथ निघाला होता. तो वर चढला तेव्हा पठारावर कोरकूंची वस्ती होती. ज्या ठिकाणी माणसे राहत होती आणि जेथे दरसाल यात्रा भरत होती, त्या ठिकाणाचा 'शोध' तो कसला?

पाच वर्षांचा हा फरक किरकोळ नव्हे. १८५७ म्हटले की एका साहसी प्रवाशाची गोष्ट तयार होते. १८६२ म्हटले की मध्ये उठाव येतो, भभूतसिंहांचा देहदंड येतो, जहागिरीची जप्ती येते, आणि मग पाहणी करणारा अधिकारी येतो. घटनांचा क्रम नीट लावला की त्यांचा अर्थही बदलतो. फोर्सिथ गुणी लेखक होता यात शंका नाही. पठारावर साल आणि भोवती साग, ही विलक्षण गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली नाही. त्याने तेथे बांधलेले 'बायसन लॉज' अजून उभे आहे आणि त्यात संग्रहालय आहे. परंतु तो ज्या वाटेने वर गेला, ती वाट बंदुकीने मोकळी केलेली होती, एवढे आपण विसरू नये.

येथून तिसरा डोळा सुरू होतो, तो वनाधिकाऱ्याचा. रेल्वेमार्गांचे युग होते. रुळांखाली घालण्यास लाकूड हवे होते, आणि सागाइतके टिकाऊ लाकूड दुसरे नव्हते. भभूतसिंहांच्या जप्त मुलखातील बोरीचे सागवन १८६५ मध्ये राखीव करण्यात आले. भारतातील अगदी पहिल्या राखीव जंगलांत त्याची गणना होते. त्याच वर्षी देशातील पहिला वनकायदाही झाला. मध्य प्रांताचे वनसंरक्षक पिअर्सन यांनी बोरीचे रान आगीपासून वाचविण्याचा प्रयोग हाती घेतला. रानाभोवती रुंद पट्टे साफ करावयाचे, त्यांवरील पाचोळा आधीच जाळून टाकावयाचा, आणि उन्हाळाभर पहारा ठेवावयाचा, अशी त्याची पद्धत. वनाधिकाऱ्याच्या लेखी गळलेले पान म्हणजे सरपण, ठिणगीची वाट पाहत पडलेले. कोरकूचा दह्या हा मग गुन्हा ठरला. जे काल शेतकरी होते ते जंगल खात्याचे मजूर झाले, आणि त्यांच्या वस्त्यांना 'वनग्राम' हे नाव मिळाले.

या धोरणाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बोरीचे जुने साग आज उभे आहेत, ते या राखणीमुळेच. बेसुमार आगीने कोवळी रोपे मरतात हे खोटे नाही. आजही मोहफुले वेचताना खालची जमीन स्वच्छ दिसावी म्हणून पाचोळा पेटवितात, आणि ती आग कधीकधी हाताबाहेर जाते. तेव्हा वनाधिकारी सर्वस्वी चूक आणि कोरकू सर्वस्वी बरोबर, असा सोपा निकाल मी देणार नाही. मात्र जंगल राखण्याची किंमत कोणी दिली, हा हिशेब इतिहासाने मांडावयास हवा. ती लाकूड नेणाऱ्याने दिली नाही. राखेत बी टाकणाऱ्याने दिली.

पुढे कायद्याने पानाचे नावच घेतले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'वनोपज' या शब्दाची व्याख्या आहे. जंगलात सापडणारी झाडे, पाने, फुले आणि फळे त्या व्याख्येत स्पष्ट शब्दांत येतात. राखीव जंगलातून परवानगीवाचून वनोपज नेणे हा अपराध. स्वातंत्र्यानंतर १९६४ मध्ये मध्यप्रदेश शासनाने तेंदूपानाच्या व्यापारासाठी स्वतंत्र कायदा करून तो व्यापार आपल्या हाती घेतला. विडीचे पान ते हेच. आपल्या भागातील कित्येक घरांत वैशाखातील रोकड पैसा या पानाच्या पुड्यांतून येतो. ज्या पानास शहरातील मनुष्य कचरा समजतो, त्यावर कोणाची तरी वर्षाची वह्या-पुस्तके अवलंबून असतात. माझ्या वर्गातही अशी मुले बसलेली आहेत.

आणि चौथा डोळा पर्यटकाचा. पचमढी ही मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी झाली. नागपूरचे ऊन चुकविण्यासाठी साहेबलोक वर जाऊन राहू लागले. १८७५ मध्ये तेथे रंगीत काचांचे ख्रिस्त मंदिर उभे राहिले, आणि १८९२ मध्ये आम्हां कॅथलिकांचे देऊळही. त्या काचांतून पडणारा तांबडा-पिवळा उजेड पाहिला म्हणजे वाटते, आपल्या देशाची पानगळ आठवून त्या परदेशी माणसांचा जीव येथे कासावीस होत असेल. त्यांनी प्रपातांना आपल्या भाषेत नावे दिली: 'बी फॉल', 'बिग फॉल', 'डचेस फॉल'. आज बी फॉलला जमुना प्रपात म्हणतात, आणि साडेतीनशे फुटांवरून कोसळणाऱ्या बिग फॉलला रजत प्रपात. नावे बदलली, पाणी तेच आहे.

पुढे पचमढी आणि बोरी ही अभयारण्ये झाली, १९८१ मध्ये सातपुडा राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, आणि २००९ मध्ये युनेस्कोने पचमढी जीवावरण क्षेत्रास जागतिक यादीत स्थान दिले. वाघ, गवा, उडती खार यांना आश्रय मिळाला, ही आनंदाची गोष्ट होय. त्याच काळात धाईं, बोरी यांसारखी गावे रानातून उठून बाहेर वसविली गेली. जेथे उद्यान झाले तेथे पान उचलणेही बंद झाले. उद्यान म्हणजे ज्याचे सौंदर्य पाहावयाचे आणि ज्यातून काही न्यावयाचे नाही अशी जागा. पाहुण्यास हे सोपे आहे, कारण तो संध्याकाळी घरी परततो. ज्याचे घरच तेथे होते, त्यास ते तितके सोपे नव्हते.

मग त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर काय? २००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी स्पष्ट कबुली त्या कायद्याच्या प्रस्तावनेत आहे. गौण वनोपजावर त्या लोकांची मालकी त्याने मान्य केली, आणि त्या यादीत तेंदूपानाचा उल्लेख नावाने केला. १८६५ मध्ये जे पान हातातून निसटू लागले, ते निदान कागदावर परत येण्यास १४१ वर्षे लागली. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत अंतर असते, हे आपण सारे जाणतोच.

२०२५ च्या जून महिन्यात मध्यप्रदेश मंत्रिमंडळाची बैठक पचमढीस भरली आणि पचमढीच्या अभयारण्यास राजा भभूतसिंहांचे नाव देण्याचे जाहीर झाले. नाव देणे हे न्यायाचे शेवटचे पाऊल नव्हे, तथापि पहिले असू शकते. ज्या रानासाठी एका माणसाने प्राण दिले, त्या रानाच्या दारावर इतक्या वर्षांनी त्याचे नाव येणे, हे इतिहासाच्या शिक्षकास लहान वाटत नाही.

रजत प्रपात आम्ही समोरच्या कड्यावरून पाहिला. पाणी फार नव्हते. पांढऱ्या दोऱ्यासारखी एक धार वाऱ्याने हलत होती. खाली दरीत साग उघडे, मध्येच पळसाचा जाळ, आणि कड्याच्या काठाने कुसुमाची तांबडी पालवी. मुले काही काळ गप्प बसली. मुले गप्प बसतात ही गोष्ट दुर्मिळ आहे, हे शिक्षकांस ठाऊक असते. परतताना त्या मुलाने पुन्हा विचारले. मी त्यास एवढेच सांगितले, "यात्रेकरूला त्या पानाने वाट दाखविली, कोरकूला भाकर दिली, सरकारला ते ठिणगीचे भय वाटले, आणि आपल्याला ते सुंदर वाटते. चौघांचेही खरे आहे. पण ज्याच्या भाकरीचा प्रश्न होता, त्याला सर्वांत शेवटी विचारले गेले. पुढच्या वेळी त्याला आधी विचारावे."

श्रोतेहो, आपण पचमढीस जाल तर श्रावणात अवश्य जा. पण एकदा फाल्गुनातही जा. वाटेत कोणी बाई डोक्यावर पळसाच्या पानांचा भारा घेऊन चाललेली दिसली, तर मोटार थोडी हळू करा. आपण जी पानगळ पाहण्यास निघालो आहोत, तिच्यातलेच ते ओझे आहे.